पाऊण लाखातला पहिला कॅमेरा : कॅनन आर ५०, निकॉन झेड ३० की सोनी झेडव्ही-ई १०?

चार-पाच वर्षे मोबाइलवर मनापासून फोटो काढल्यानंतर प्रवासासाठी आणि घरच्या रोजच्या वापरासाठी स्वतंत्र कॅमेरा घ्यावा असे ज्यांना वाटू लागते, त्यांनी किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या साध्या झूम लेन्ससह) पाऊण लाखाच्या आगेमागे रक्कम धरली, तर तीन नावे हमखास पुढे येतात : सोनीचा २०२१ मधला झेडव्ही-ई १०, निकॉनचा २०२२ मधला झेड ३० आणि कॅननचा २०२३ मधला ईओएस आर ५०. तिघेही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले आहेत, तिघांतही एपीएस-सी आकाराचा (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग आहे आणि तिघांच्याही लेन्स बदलता येतात. दुकानात गेल्यावर विक्रेता मेगापिक्सेलपासून सुरुवात करतो, पण त्या आकड्यावरून या तिघांत निवड करायला बसलात तर ती होणारच नाही. कॅनन आणि सोनी २४.२ मेगापिक्सेलचे आहेत, निकॉन २०.९ चा, आणि निकॉनच्या त्या 'कमी' फोटोचीही अल्बमवाल्याकडची बारा बाय अठरा इंची प्रिंट काहीही न ताणता निघते. फरक आहे तो फोटो काढताना कॅमेरा कसा वागतो यात, आणि त्याला पुढे कोणत्या लेन्स मिळतात यात.

पहिला फरक व्ह्यूफाइंडरचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. आर ५० ला डोळा लावून पाहण्याची इलेक्ट्रॉनिक खिडकी आहे. झेड ३० आणि झेडव्ही-ई १० ला नाही, कारण हे दोन्ही कॅमेरे मुळात स्वतःकडे वळवून व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आखलेले आहेत. घरात किंवा दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांखाली ही उणीव जाणवत नाही. मित्राचा झेड ३० घेऊन राजगडावर गेल्यावर मला ती जाणवली. सुवेळा माचीवर दुपारी साडेबाराच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर मला माझाच चेहरा, टोपीची कड आणि अंगठ्याला लागलेल्या सनस्क्रीनचा डाग एवढेच दिसत होते. डाव्या हाताने टोपी काढून स्क्रीनवर धरावी, तर कॅमेरा एका हातात राहतो. दोन्ही हातांनी कॅमेरा धरावा, तर फ्रेम अंदाजाने लावावी लागते. घरी येऊन पाहिले तेव्हा नेढ्याचे (कड्यातल्या आरपार भोकाचे) चार फोटो होते आणि चारही तिरके होते. स्क्रीनची उजळी वाढवून थोडा फरक पडतो, पण सह्याद्रीतल्या मार्च-एप्रिलच्या उन्हापुढे तिचे फारसे चालत नाही.

व्ह्यूफाइंडरचा दुसरा फायदा कमी बोलला जातो. डोळा लावला की कॅमेऱ्याला दोन हातांबरोबर कपाळाचाही टेकू मिळतो, कोपरे आपोआप छातीशी येतात, आणि संथ शटरवर हात हलण्याचे प्रमाण कमी होते. आर ५० चा व्ह्यूफाइंडर काही ऐसपैस नाही, सुमारे २३.६ लाख बिंदूंचा आणि लहानसा आहे, आणि चष्मा लावणाऱ्याला चारही कोपरे एका नजरेत पाहण्यासाठी डोळा थोडा इकडेतिकडे करावा लागतो. तरीही दिवसा बाहेर वापरायच्या कॅमेऱ्यात ही लहान खिडकी अजिबात नसण्यापेक्षा पुष्कळच बरी.

वजनाचा हिशेब बॉडीचा न करता लेन्ससह करावा. बॅटरी आणि कार्ड घातलेला झेडव्ही-ई १० सुमारे ३४३ ग्रॅम, आर ५० सुमारे ३७५ ग्रॅम आणि झेड ३० सुमारे ४०५ ग्रॅम भरतो. त्यांत प्रत्येकाची किट लेन्स मिळवली, की सोनी ४५९, कॅनन ५०५ आणि निकॉन ५४० ग्रॅमवर जातो. हे अंतर खांद्याला कळण्याइतके नाही. हाताला कळते ते वेगळेच. झेड ३० ची पकड खोल आहे आणि तिला पुढे व मागे अशी दोन चक्रे आहेत, त्यामुळे एका बोटाने अॅपर्चर (लेन्स किती उघडायची) आणि अंगठ्याने शटर (प्रकाश किती वेळ घ्यायचा) बदलता येते. आर ५० मध्ये हे काम एकाच चक्रावर भागवावे लागते, आणि मॅन्युअलवर शिकू पाहणाऱ्याला त्याचा काही दिवसांतच कंटाळा येतो. हाताळणीत निकॉन निर्विवाद पुढे आहे; म्हणूनच त्याला व्ह्यूफाइंडर नसल्याची हळहळ अधिक वाटते.

आता किट लेन्सकडे येऊ. कॅननची किट लेन्स १८-४५ मिमी आहे, तर निकॉन आणि सोनीची १६-५० मिमी. कॅननचा सेन्सर किंचित लहान असल्याने त्याचा गुणक (ज्याने लेन्सचे मिलिमीटर गुणायचे तो) १.६ आहे, इतर दोघांचा १.५. म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत कॅनन सुमारे २९ मिमीपासून सुरू होतो आणि बाकीचे दोघे २४ मिमीपासून; आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. कागदावर पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण आडव्या फोटोत ते ६४ अंश विरुद्ध ७४ अंश असे दिसते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात चौकाच्या एका भिंतीला पाठ टेकून उभे राहा. २४ मिमीला समोरची बाजू दोन्ही कोपऱ्यांसह बसते आणि २९ मिमीला एक कोपरा सोडावा लागतो, अशी वेळ तिथे वारंवार येते. मागे सरकायला जागाच नसते. जुनी घरे, देवळांचे मंडप, अरुंद गल्ल्या हा ज्यांचा मुख्य विषय आहे, त्यांनी कॅननची ही उणीव लहान मानू नये. त्यावर कॅननची स्वतःची १० ते १८ मिमीची हलकी लेन्स मिळते, पण मग खर्च आलाच.

किट लेन्सचा दुसरा दोष तिघांतही सारखा आहे आणि तो खरेदीपूर्वी स्पष्ट सांगायला हवा : अंधारात तिचे फार चालत नाही. येथे दोन प्रकारचा अंधार वेगळा काढला पाहिजे. अजिंठ्याला फ्लॅशला मनाई आहे, लेणे क्रमांक १ मध्ये पद्मपाणीसमोर उजेड अगदी मंद असतो, पण चित्र हलत नाही. तिघांच्याही किट लेन्समध्ये स्थिरीकरण आहे, त्यामुळे श्वास रोखून सेकंदाच्या पंधराव्या भागात काढलेला फोटो तिथे स्वच्छ येऊ शकतो. घरच्या गणपतीच्या आरतीला मात्र हेच स्थिरीकरण निरुपयोगी ठरते, कारण तिथे तुमचा हात स्थिर असला तरी टाळ वाजवणारे हात, निरांजनाची ज्योत आणि मध्येच धावणारे पोर स्थिर नसते. पूर्ण झूम केलेल्या लेन्सचे अॅपर्चर एफ/६.३ किंवा एफ/५.६ वर आलेले असते (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी), कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवत जातो, आणि हाती येणारा फोटो पाहून "यापेक्षा माझा मोबाइल बरा होता" असे कोणी म्हटले तर ते खोटे नसते. मोबाइलचा सेन्सर कितीतरी लहान असला तरी त्याची लेन्स उघडी असते आणि तो अनेक फोटो जोडून एक करतो.

म्हणून कॅमेरा ठरवताना पुढे घ्यायची एक उघडी (जास्त प्रकाश घेणारी) प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स आधीच गृहीत धरावी, असा माझा आग्रह आहे. एफ/६.३ च्या तुलनेत एफ/१.८ ला सुमारे बारापट प्रकाश आत येतो. इथे प्रत्येक कंपनीचे चित्र वेगळे आहे. कॅननची ५० मिमी एफ/१.८ स्वस्त आणि १६० ग्रॅमची आहे, पण आर ५० वर ती ८० मिमीसारखी वागते. एका माणसाचे छायाचित्र सुंदर येते, मात्र दहा बाय बाराच्या खोलीत आरतीचे सगळे कुटुंब बसत नाही. २८ मिमी एफ/२.८ ही १२० ग्रॅमची चपटी लेन्स त्यापेक्षा रोजच्या वापराला बरी, फक्त ती तितकी उघडी नाही. निकॉनची २४ मिमी एफ/१.७ ही याबाबत मला तिघांत उजवी वाटते : १३५ ग्रॅम वजन, ३६ मिमीसारखी दृष्टी, जेवणाच्या टेबलापासून रेल्वेच्या डब्यापर्यंत कुठेही चालणारी. सोनीकडे पर्याय सर्वांत जास्त आहेत. सिग्माची ३० मिमी एफ/१.४ किंवा २९० ग्रॅमची १८-५० एफ/२.८ झूम या लेन्स सोनीवर अनेक वर्षे आहेत, आणि वापरलेल्याही सहज मिळतात. कॅननने आपले दार सिग्मा आणि टॅमरॉनसाठी २०२४ मध्ये उघडले, त्यामुळे तीच १८-५० आता आर ५० वरही बसते; निकॉनसाठी सिग्माने एपीएस-सीच्या १६, ३० आणि ५६ मिमी अशा तीन प्राइम काढल्या आहेत.

लांबच्या लेन्सबद्दल थोडक्यात. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्याला निकॉनची ५०-२५० कॅननच्या ५५-२१० पेक्षा लांब पोचवते, पण ती एकटी ४०५ ग्रॅमची आहे. कॅननची ५५-२१० फक्त २७० ग्रॅमची, आणि तिचे अॅपर्चर लांब टोकाला एफ/७.१ असल्याने सकाळच्या पहिल्या उजेडात ती धापा टाकते.

व्हिडिओ हा ज्यांचा निम्मा हेतू आहे त्यांच्यासाठी तिघेही फोर-के देतात. आर ५० आणि झेड ३० मध्ये सेकंदाला ३० फ्रेमनाही पूर्ण रुंदी मिळते. झेडव्ही-ई १० मध्ये ३० ला चित्र कडांनी कापले जाते, पण २५ ला कापले जात नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून २५ फ्रेमवर चित्रण करणे तसेही सोयीचे असते, त्यामुळे भारतात सोनीची ही उणीव बरीच बोथट होते. चालता-चालता चित्रण करणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावे, की तिघांपैकी एकाच्याही बॉडीत स्थिरीकरण नाही. जे आहे ते लेन्समधले, आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चालू केले की चित्र आणखी कापले जाते.

बॅटऱ्यांत निवडण्यासारखे काही नाही. तिघांच्याही १०२० ते ११२० मिलिअँपिअर-तासांच्या आहेत आणि दिवसभराच्या भटकंतीला दुसरी लागतेच. तिघेही यूएसबी-सीवर चार्ज होतात, कॅननला मात्र पॉवर डिलिव्हरी (यूएसबी-सीवर जास्त वीज देणाऱ्या) प्रकारचा चार्जर लागतो. विमानप्रवासात सुटी बॅटरी केबिनच्या पिशवीतच ठेवावी लागते.

वापरलेला कॅमेरा घ्यायची तयारी असेल तर हे चित्र बदलते. निकॉनचा २०१९ मधला झेड ५० हा झेड ३० सारखाच सेन्सर, तशीच खोल पकड आणि वर व्ह्यूफाइंडर देतो. सोनीचा त्याच वर्षीचा ए ६४०० झेडव्ही-ई १० च्या सगळ्या लेन्स घेऊन तेच करतो. दोघांचेही चार्जिंग जुन्या मायक्रो-यूएसबीवर आहे, आणि झेड ५० ची स्क्रीन खाली उलटते, म्हणजे ट्रायपॉडवर लावला की ती नेमकी झाकली जाते. फुजीफिल्मचा २०२४ मधला एक्स-एम ५ फोटोच्या रंगछटा निवडायच्या चक्रामुळे मोहात पाडतो, पण त्यालाही व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे या निकषावर तो झेड ३० च्याच रांगेत उभा राहतो.

नवा आणि एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर मी आर ५० किट लेन्ससह सुचवतो, आणि चार-सहा महिन्यांनी त्याला २८ मिमीची जोड द्यावी. वापरलेला चालत असेल तर झेड ५० आणि २४ मिमी एफ/१.७ ही जोडी मला त्याहूनही आवडते. झेडव्ही-ई १० त्यांनी घ्यावा ज्यांना फोटोपेक्षा व्हिडिओ अधिक करायचा आहे किंवा सिग्माच्या लेन्स आधीपासून हाताशी आहेत; झेड ३० त्यांनी, ज्यांची भटकंती बहुतांश संध्याकाळची आणि घरातली आहे.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा आपल्या गावच्या दुकानात जाल तेव्हा जीएसटीचे बिल आणि भारतातील वॉरंटी आहे ना हे आधी विचारा, कारण बाहेरून आणलेला माल थोडा स्वस्त पडतो आणि दुरुस्तीच्या वेळी महाग. मग आपला नेहमीचा चष्मा लावून, विक्रेत्याची परवानगी घेऊन, कॅमेरा दुकानाच्या दारापर्यंत न्या आणि रस्त्यावरच्या उन्हात स्क्रीनवर समोरच्या पाटीची अक्षरे वाचता येतात का ते पाहा. जायचे ते दुपारी बाराला.