जादा डिस्ट्रिब्युटर घेताना: जुना अस्सल, नवी नक्कल की इलेक्ट्रॉनिक?

डिस्ट्रिब्युटर म्हणजे जुन्या पेट्रोल गाडीत प्रत्येक स्पार्क प्लगला वेळेवर ठिणगीचा करंट वाटणारा भाग. इंजिनवर बसवायचा डिस्ट्रिब्युटर आणि डिकीत ठेवायचा डिस्ट्रिब्युटर, या दोन वेगळ्या निवडी आहेत. पहिल्यासाठी गाडी किती छान पळते ते बघायचं. दुसऱ्यासाठी बघायचं ते एवढंच, की रस्त्याच्या कडेला, हाताशी असलेल्या हत्यारांनी तो बसवून गाडी घरी येईल का.

माझा कौल आधीच सांगतो: डिकीत दुरुस्त केलेला जुना अस्सलच ठेवावा. पण 'दुरुस्त केलेला' हा शब्द विक्रेते फार सैल वापरतात. नुसता पॉलिश मारलेलाही त्यात खपून जातो. म्हणून कॅप (वरचं झाकण) आणि रोटर (त्याखालचा फिरता भाग) काढून शाफ्ट चिमटीत धरा आणि आडवा हलवून बघा. लुकास कंपनीच्या २५डी४ या मॉडेलमध्ये पॉइंटची, म्हणजे करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असते. बुश झिजून शाफ्ट केसभर जरी हलला, तरी ही गॅप दर फेरीला बदलते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, नाचायला लागतं. मग रोटर बसवून तो फिरायच्या दिशेने थोडा पिळा आणि सोडा. स्प्रिंगने तो झटकन मागे यायला हवा. आळसावून आला तर वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी आतली वजनं चिकटली आहेत. शेवटी व्हॅक्यूमच्या (इंजिनच्या ओढीने ठिणगी आधी पाडणाऱ्या भागाच्या) नळीला तोंड लावून हवा ओढा आणि जिभेने भोक बंद करा. आतली प्लेट सरकून तिथेच थांबली तर डायफ्राम (त्यातला पडदा) शाबूत आहे. ती हळूहळू परतली तर तो फाटलाय, आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यायचा.

दिसायला एकसारखे असले म्हणून दोन डिस्ट्रिब्युटर एकसारखे नसतात. एकच २५डी४ कितीतरी इंजिनांवर आला, पण आतल्या स्प्रिंगा आणि ॲडव्हान्सची (ठिणगी किती अंश आधी पडते त्याची) मर्यादा वेगवेगळी. बॉडीवर ठोकलेला नंबर आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा. मॅन्युअल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याचे १२ अंश म्हणजे क्रँकचे २४.

नवी नक्कल स्वस्त पडते आणि बुश कोरे असतात, हे खरं. पण आतला ॲडव्हान्स कर्व्ह (कोणत्या वेगाला किती ॲडव्हान्स ते) बहुधा 'सगळ्यांना चालेल' असा असतो, म्हणजे नेमका कुणालाच नाही. एअरकूल्ड फोक्सवॅगनवाल्यांना हे बॉशच्या ००९ वरून ठाऊक आहे. त्यात व्हॅक्यूम ॲडव्हान्सच नाही, त्यामुळे एका कार्ब्युरेटरच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन क्षणभर गळपटतं. स्पेअर म्हणून मात्र तेही चालतं; घरी येईपर्यंत थोडं गळपटलं तर बिघडत नाही. नक्कल घेतलीत तर त्यातला रोटर आणि कंडेन्सर (पॉइंट जळण्यापासून वाचवणारा) काढून चांगल्या दर्जाचे टाका. घात तेच करतात.

पूर्ण इलेक्ट्रॉनिकमध्ये हॉलंडच्या १२३इग्निशनचं नाव घ्यावं लागेल. त्यांच्या काही मॉडेलांत १६ कर्व्ह तयार असतात, बारीक स्विच फिरवून हवा तो निवडायचा. पॉइंट नाहीत, गॅपची कटकट नाही, स्टार्टिंग छान. रोजच्या वापराला मी बिनधास्त हाच सुचवेन. स्पेअर म्हणून मात्र नाही. पॉइंट मरायच्या आधी कुरकुरतात, मिसफायर देतात. इलेक्ट्रॉनिकमध्ये पॉइंटच्या जागी असलेलं मॉड्यूल गेलं की गेलं, आणि रस्त्यावर त्याचं काहीही करता येत नाही. शिवाय पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली) गाडी असेल तर पॉइंटला काही फरक पडत नाही, इलेक्ट्रॉनिक मात्र त्याच पोलॅरिटीचं लागतं. जुन्या बॉडीत मॉड्यूल बसवण्याचा मधला मार्ग आहे, पण झिजलेला शाफ्ट त्याने बरा होत नाही.

कोणताही घ्या, तो आधी एकदा गाडीवर चढवा, टायमिंग लाइटने लावा, चालवून बघा. लुकासच्या बाबतीत एक सोय आहे: स्पेअरला स्वतःची क्लॅम्प प्लेट द्या आणि टायमिंग लागलं की क्लॅम्पचा पिंच बोल्ट तसाच आवळलेला ठेवा. काढताना फक्त प्लेट ब्लॉकला धरणारे बोल्ट सोडायचे. खालचा ड्राइव्ह मध्यापासून जरा सरकवलेला असल्याने तो उलटा बसतच नाही, त्यामुळे अंधारातही टायमिंग जवळपास जागेवर येतं. गिअरने फिरणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला ही सवलत नाही. तिथे एक दात चुकला की सगळंच चुकलं, म्हणून रोटरची दिशा बॉडीवर खूण करून ठेवा.

इंजिनवर इलेक्ट्रॉनिक आणि डिकीत पॉइंटवाला अशी जोडी ठेवणार असाल तर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल तपासा. इलेक्ट्रॉनिकसाठी कमी ओहमची कॉइल लावली असेल, तर तिच्यातून जाणारा करंट पॉइंट जाळून टाकतो. बॅलास्ट (कॉइलच्या आधी जोडलेला रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीत पॉइंटना साधारण ३ ओहमची कॉइल लागते. तशी एक जुनी कॉइल डिस्ट्रिब्युटरच्याच डब्यात टाकून ठेवा.