गुडघ्याच्या टेंडनसाठी 'स्टेम सेल' पॅकेज घ्यायच्या आधी हे वाचा

माझी मुलगी व्हॉलीबॉल खेळते, वय १९, कॉलेजच्या टीममधे स्पायकर आहे. मागच्या पावसाळ्यापासून तिचा उजवा गुडघा दुखत होता, वाटीच्या अगदी खालच्या टोकाला, बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा. आधी फक्त प्रॅक्टिस झाल्यावर, मग उडी मारताना आणि दिवाळीपर्यंत तर जिना उतरतानासुद्धा. कोथरूडमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा जंपर्स नी, म्हणजे उड्या मारणाऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं, टेंडनवर (वाटीला खालच्या हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) झेपेल त्याच्यापेक्षा जास्त लोड येतोय, उड्या कमी करा आणि किमान तीन महिने फिजिओकडे नियमित व्यायाम करा. पण मॅचेस तोंडावर आल्या होत्या, ती रोज रात्री बर्फ लावून रडायची, आणि मी फोनवर उपाय शोधत बसायचे.

तसंच शोधता शोधता बाणेरचं एक क्लिनिक सापडलं. तिथे आधी डॉक्टर भेटतच नाहीत, काउन्सेलर भेटते. ती म्हणाली, "ताई, व्यायाम काय करताय, आतून टेंडन सडत चाललंय, उद्या तुटलं तर खेळ संपला." सोनोग्राफीत एक काळा डाग दाखवला. माझ्या तर पोटात गोळाच आला. (नंतर कळलं की उड्या मारणाऱ्या खेळाडूंमधे काहीच दुखत नसताना पण असे बदल सोनोग्राफीत दिसतात.) 'स्टेम सेल'च्या तीन इंजेक्शनचं पॅकेज ९२ हजार, त्याच दिवशी बुक केलं तर ७८. मी तिथेच बसून कार्ड स्वाइप केलं.

मुलीच्या दंडातून रक्त काढलं, मशीनमधे फिरवलं आणि वर आलेलं पिवळसर पाणी सिरिंजमधे भरून मला दाखवलं, "हे बघा तुमच्या मुलीचे स्टेम सेल." स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात त्या मूळ पेशी, आणि ते स्टेम सेल नव्हतेच. ती पीआरपी, म्हणजे तिच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स. आणि स्टेम सेलचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइन्समधे स्पष्ट आहे की रक्ताचे काही आजार सोडले तर बाकी ठिकाणी तो उपचार फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमधेच, म्हणजे उपचाराच्या रीतसर चाचणीतच करता येतो, असं पॅकेज लावून विकता येत नाही. हे मला आधी माहीत असतं तर मी त्या खुर्चीवरून उठले असते.

दोन इंजेक्शनं झाली, दुखणं होतं तिथेच, उलट पहिले आठ दिवस तिला गुडघा वाकवता येईना. मॅचेस गेल्याच.

आता फाईलबद्दल सांगते. त्यांनी एक निळी फाईल दिली होती, आत परदेशी रिसर्चचे झेरॉक्स, ओळींवर पिवळा हायलाइटर मारलेला. एका कागदाचा खालचा अर्धा भाग कोराच होता, मला वाटलं झेरॉक्स नीट आला नसेल. एक दिवस त्याचं टायटल टाकून मूळ पेपर उघडला. २०१९ ची ट्रायल, नेमकी याच दुखण्याची, ५७ जण, दोन गटांना दोन प्रकारची पीआरपी आणि तिसऱ्या गटाला नुसतं सलाईन, म्हणजे औषध नसलेलं मिठाचं पाणी, व्यायाम मात्र सगळ्यांनाच. निष्कर्ष असा की पीआरपी सलाईनपेक्षा सरस ठरली नाही. नेमका तो निष्कर्ष झाकून झेरॉक्स काढली होती. मला पैशांपेक्षा ह्याचा जास्त राग आला, कारण हा निष्काळजीपणा नाही, कोणीतरी कागद ठेवून तो भाग दाबलाय.

पीआरपी देणारे सगळेच डॉक्टर फसवे आहेत असं मी म्हणत नाहीये, काहीजण आधीच सांगतात की पुरावा कच्चा आहे. पण जो तुम्हाला व्यायाम सोडायला सांगून इंजेक्शन विकतो त्याच्याकडे जाऊ नका, कारण या दुखण्यात आजवर सगळ्यात जास्त पुरावा व्यायामातून टेंडनला बेताने, हळूहळू वाढवत लोड देण्यालाच मिळालाय. स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तरी विचारा, त्याने काही आठवडे बरं वाटतं आणि मग दुखणं परत येतं.

आता आम्ही पहिल्या डॉक्टरांकडे परत गेलो, तोंड दाखवायला लाज वाटत होती पण ते काही बोलले नाहीत. फिजिओने सुताराकडून २५ अंशाची उतरती फळी करून घ्यायला लावली, त्यावर एका पायाचे स्क्वॉट, शिवाय जिममधे जड वजनाने अगदी सावकाश लेग प्रेस, तीन सेकंद खाली तीन सेकंद वर, आठवड्यातून तीन दिवस. अकरावा आठवडा चालू आहे. जिना उतरताना दुखत नाही, उड्या अजून मोजून मारते.

तिसरं इंजेक्शन नाकारून पैसे परत मागितले तर म्हणाले पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे. पावतीवर 'वेलनेस पॅकेज' लिहिलंय, डॉक्टरांचं नाव नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पण अर्ज करतोय. तक्रारीनंतर दोनच दिवसांत क्लिनिकमधून फोन आला, "मॅडम, ती निळी फाईल रेकॉर्डसाठी जमा करायची असते, माणूस पाठवतो." मी दिली नाही. तुमच्याकडे तशी फाईल असेल तर तुम्हीही देऊ नका, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.