पोर्ट म्हणून सही घेतली आणि नऊ वर्षांची पॉलिसी घालवली

एवढा हप्ता भरून आरोग्य विमा परवडतो का, असं कोणी विचारलं तर मी आजही घ्याच म्हणते. मी विमा घेऊन फसले नाही. चांगला चालू असलेला विमा एका पोराच्या शब्दावर सोडला, तिथे फसले.

आमची पाच लाखांची फॅमिली पॉलिसी नऊ वर्षांची होती. एक दिवसाचा खंड नाही. ह्यांना शुगर निघाली ती पॉलिसी घेतल्यावर वर्षभराने, म्हणजे तिथे ती अडचणही नव्हती. पण जून २०२४ मध्ये नूतनीकरणाचा आकडा आला ५२,३१४ रुपये. आदल्या वर्षी ४१,८६० होता. ह्यांचं नागपूरच्या महाल भागात छोटं दुकान, मी शाळेच्या ऑफिसात. आम्हाला दहा हजारांची वाढ जड जाते, हे सांगायला मला लाज नाही.

१६ जूनला आमच्या मनीष नगरच्या कॉलनीतला एजंट घरी आला. नाव लिहीत नाही. लहान होता तेव्हापासून आमच्याकडे गणपतीच्या आरतीला येतो. ‘अजी काकू, कशाला इतके भरता? पोर्ट करून देतो न. दहा लाखांचं कव्हर, ३८,७४२ मध्ये. जुने सगळे फायदे तसेच राहतात. मी आहो ना.’

पोर्ट केलं, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली, की जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं नव्या कंपनीत मोजली जातात, हे खरंच आहे. म्हणूनच मी फसले. पण पोर्टचा अर्ज मुदत संपायच्या साधारण ४५ दिवस आधी द्यावा लागतो. आमची मुदत २८ जूनला संपत होती, हातात बाराच दिवस होते. शिवाय पोर्टमध्ये नवी कंपनी तब्येत तपासते, शुगर दिसली तर हप्ता वाढवते किंवा सरळ नाही म्हणते. त्याला ती कटकट नको होती. त्याने कोरी करकरीत नवी पॉलिसी काढली.

माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच मोबाइल हातात घेऊन त्याने फॉर्म भरला. मी चहा ठेवला होता. ‘इंग्रजीत आहे काकू, ते मी भरतो, तुम्ही फक्त आलेला नंबर सांगा.’ मी सहा आकडे वाचून दाखवले. मधुमेह आहे का, या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ टाकलं होतं. ह्यांची गोळ्यांची पट्टी त्याच टीपॉयवर पडली होती, त्याच्या कपाशेजारी. त्याने ती बघितली होती.

मी अडाणी नाही. सव्वीस वर्षं पगारपत्रकं करते, एका रुपयाचा फरक निघाला तर संध्याकाळी उशिरापर्यंत बसते. पण घरातल्या पोराचा फॉर्म कोण तपासतं?

यापुढचं मला अजून झोपू देत नाही. ९ जुलैला नवी पॉलिसी आली. पहिल्याच पानावर ‘पॉलिसी प्रथम सुरू झाल्याची तारीख’ असा रकाना होता. तिथे जून २०२४. त्याखाली ‘मागील पॉलिसीचा तपशील’, आणि समोर नुसती एक आडवी रेघ. खरं पोर्ट असतं तर तिथे नऊ वर्षं दिसली असती. मी ते पान पाहिलं, हप्त्याचा आकडा बरोबर आहे ना तेवढं बघितलं आणि फाइलला लावलं. जुन्या पॉलिसीला ३० दिवसांची वाढीव मुदत असते. म्हणजे २८ जुलैपर्यंत मी ५२,३१४ भरून ती जिवंत ठेवू शकत होते. नवी पॉलिसीही मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता आली असती. माझ्याकडे एकोणीस दिवस होते! जुन्या कंपनीचे तीन फोन आले, तेही मी कापले, कारण ‘ते अडवतात काकू, उचलू नका’ असं त्याने सांगून ठेवलं होतं. जुन्या कंपनीचा फोन उचलू नका असं कोणी सांगितलं, तर तिथेच त्याला दारातून परत पाठवा.

फेब्रुवारीत ह्यांना हार्ट अटॅक आला. रामदासपेठेतल्या एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली, बिल ३,४६,२१८ रुपये. ह्यांनी डॉक्टरांना शुगर आठ वर्षांची आहे असं खरं सांगितलं, तेच केसपेपरवर आलं. कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देणं, नाकारलं. ४ मार्चला पत्र आलं: माहिती दडवली, दावा अमान्य, पॉलिसी रद्द. दीड लाखाची एफडी मोडली, एक लाख साठ हजार सोनं गहाण ठेवून आणले, बाकीचे ३६,२१८ खात्यातून. आणि हे सगळं कशासाठी? १३,५७२ रुपये वाचवायला.

नियम असा आहे की सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. आमची नऊ झाली होती, ती जुन्या पॉलिसीबरोबरच गेली.

मग दारं वाजवली. कंपनीच्या ऑफिसात चार चकरा झाल्या. काउंटरवरची मुलगी दर वेळी म्हणायची, मेल करा. मेलला उत्तर यायचं, शाखेत भेटा. एजंटच्या विरोधात लेखी दिलं, तर ‘ओटीपी ग्राहकाने स्वतः दिला आहे’ एवढी एक ओळ. ऑनलाइन तक्रारीचा तर संताप येतो. अकराव्या दिवशी मेसेज आला, तक्रारीचं निराकरण झालं. कोणी केलं? काय केलं? कंपनीने तेच पत्र पुन्हा जोडलं आणि तक्रार बंद! पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं आणि ऐकवलं, ‘मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे. शिकल्यासवरल्या आहात, वाचून नाही का घ्यायचं?’ हे मागे उभे होते, स्टेंट टाकून सहा आठवडे झालेले. त्यांना खुर्चीसुद्धा कोणी दिली नाही. फसवणाऱ्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही, प्रश्न सगळे मला.

आता विमा लोकपालांकडे अर्ज केलाय. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं आणि नकारानंतर वर्षभरात अर्ज द्यावा लागतो. तारखा सांभाळा.

फॉर्म स्वतः भरा. इंग्रजी अडलं तर पोरांना बसवा, एजंटला नाही. शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा, हप्ता वाढला तरी लिहा. सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, ‘नवी घ्या, जीएसटी नाही’ म्हणत कोणी आलं तर ऐकू नका, जुन्या पॉलिसीच्या नूतनीकरणालाही तो लागत नाही. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना रेशन कार्डावर पाच लाखांपर्यंत आहे, पण योजनेतल्या रुग्णालयातच. भरती व्हायच्या आधी विचारा. मला त्या रात्री सुचलं नाही.

त्या पोराने गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या लाइनमधल्या तीन घरांत हाच प्लॅन दाखवला. त्यातल्या एका काकांची पॉलिसी अकरा वर्षांची आहे, मुदत पुढच्या महिन्यात संपते. आज संध्याकाळी माझी फाइल घेऊन त्यांच्याकडे जाते आहे, पहिलं पान वर काढून ठेवलंय.