वापरलेली एम३४०आय घेताना: लेदर, अल्कांतारा की साधं कापड?

बीएमडब्ल्यूची एम३४०आय मार्च २०२१मध्ये भारतात आली. तीन लिटरचं सहा सिलिंडरी टर्बो इंजिन, ३८७ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. जुळणी चेन्नईच्या कारखान्यात होत असल्याने किंमतही तशा गाडीच्या मानाने आवाक्यातली. त्या पहिल्या गाड्या आता पुण्या-मुंबईच्या सेकंड हँड बाजारात फिरतात आणि घेणाऱ्यापुढे कधी कधी जवळपास सारख्या दोन गाड्या उभ्या राहतात. एकीत बीएमडब्ल्यूचं व्हर्नास्का नावाचं लेदर असतं, दुसरीत निळ्या टाक्यांचं काळं अल्कांतारा (मऊ, तंतुमय कृत्रिम कापड) आणि सेन्साटेक (कृत्रिम लेदर). बाकी सगळं जुळलं की निवड सीटवर येऊन अडते आणि बहुतेक जण ती रंगावरून उरकतात. मला हे फार खटकतं, कारण गाडीत बसल्यावर अंगाला सतत लागून असणारी वस्तू सीटच आहे आणि वळणात तुम्हाला जागेवर धरून ठेवायचं कामही तिचंच.

आधी दाराकडची कड बघा

स्पोर्ट्स सीट पहिल्यांदा झिजते ती चालकाच्या दाराकडच्या बोल्स्टरवर, म्हणजे मांडीला आणि बरगडीला आवळून धरणाऱ्या फुगीर कडेवर. गाडी बुटकी आणि कड उंच, त्यामुळे उतरताना प्रत्येक जण तिच्यावरूनच घसरत बाहेर येतो. जीन्सची बटणं, खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, सगळं तिथेच घासतं. तळहाताने ती कड दाबा, मग शेजारच्या सीटची दाबा. एक टणक आणि दुसरी पिचपिचीत लागली तर आतला फोम बसलाय. फोमची दुरुस्ती फारशी अवघड नसते. चांगला सीटवाला कव्हर उसवून तेवढ्याच भागात नवा तुकडा चिकटवतो आणि पुन्हा शिवतो. पण तो खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे सौद्याआधी ठरायला हवं.

ही कड मीटरचीही साक्ष देते. पंचवीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीत ती तुळतुळीत झाली असेल, भेगाळली असेल, तर स्टिअरिंगचं लेदर आणि ब्रेक पेडलचं रबर त्याच नजरेने तपासा आणि वर्कशॉपमधल्या नोंदी मागा.

दोन प्रकारची कापडं एकत्र शिवलेल्या सीटमध्ये कोणता भाग कशाचा आहे हे बोट फिरवून पाहा. मधला पट्टा कितीही देखणा असो, सीटचं आयुष्य त्या बाहेरच्या कडेवर काय लावलंय त्यावर ठरतं.

लेदर

आजच्या गाड्यांमधलं बहुतेक लेदर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ संरक्षक लेप लावूनच येतं. म्हणून बाजारातली महागडी कंडिशनर त्यात फारशी मुरत नाहीत. त्यापेक्षा नियमित, हलक्या हाताने केलेली सफाई जास्त कामाची. घाम, सनस्क्रीन आणि हँड सॅनिटायझर यांनी तो लेप कमकुवत होतो, मग रंग उडतो आणि त्यानंतर खऱ्या भेगा पडतात. मात्र या अवस्थेतलं लेदर बरंचसं परत आणता येतं. भेग भरून, रंग जुळवून, वर नवा लेप मारणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. वापरलेली गाडी घेताना लेदरची सगळ्यात मोठी जमेची बाजू मला हीच वाटते.

तोटे तीन. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचं काळं लेदर उघड्या हाताला चटका देतं. कोकणात आणि मुंबईत गाडी पावसाळाभर बंद उभी राहिली तर शिवणीत आणि सीटच्या पाठीमागे पांढरट बुरशी धरते. सीट तपासताना नाकही वापरा, कुबट वास पुसून जात नाही. आणि तिसरं, लेदर घसरतं. ताम्हिणीच्या वळणांवर गाडी जोरात घातली की बोल्स्टर घट्ट नसतील तर शरीर सरकतं आणि आपण नकळत स्टिअरिंगला लटकतो. ज्याला गाडी चालवण्यासाठीच घ्यायची आहे त्याने ही गोष्ट चाचणी-फेरीतच तपासावी.

फिक्या लेदरवर जीन्सचा निळा रंग चढतो. ताजा असेल तर निघतो, वर्ष-दोन वर्षांचा सहसा नाही.

अल्कांतारा

याला पुष्कळ लोक हरणाचं किंवा दुसऱ्या कुठल्या तरी प्राण्याचं मऊ कातडं समजतात. प्रत्यक्षात ते पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं बनलेलं कृत्रिम कापड आहे. १९७०मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी ते तयार केलं आणि इटलीत उंब्रियामधल्या नेरा मोंतोरोच्या कारखान्यात ते बनतं. हलकं आहे, उन्हात लेदरइतकं तापत नाही आणि मुख्य म्हणजे पकडतं. घाटात पाठ आणि मांड्या जागच्या जागी राहतात, हातांवरचा ताण जातो. एकदा हा फरक अनुभवला की विसरता येत नाही, आणि दोन गाड्यांमध्ये माझं मन ओढलं जातं ते इकडेच.

पण वापरलेल्या गाडीत अल्कांतारा विकत घेताना आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेतो आपण. मुंबईच्या दमट हवेत घामाचं तेल त्या बारीक तंतूंमध्ये बसतं, तंतू चिकटून आडवे होतात आणि जागा चकचकीत, चपटी दिसू लागते. हे लवकर पकडलं तर सुधारतं. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या पांढऱ्या सुती फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं आणि पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने तंतू उभे करायचे. वाफेचं मशीन आणि हेअर ड्रायर त्याच्याजवळ नेऊ नयेत. गाडी धुणाऱ्या साध्या सेंटरवर मुलं याच सीटला डॅशबोर्डचं पॉलिश मारतात, त्यामुळे गाडी कुठे धुतली जायची हे मालकाला नक्की विचारा.

बोंड्या, म्हणजे तंतूंचे बारीक गोळे, आल्या असतील, तंतू झडून खालची वीण दिसत असेल, तर मात्र त्याला लेदरसारखा रंग-लेपाचा उपाय नाही. तेवढा तुकडा काढून नवा शिवावा लागतो. अस्सल कापड मागवायला वेळ आणि पैसे लागतात आणि नव्या तुकड्याची छटा शेजारच्या जुन्याशी जुळेलच असं नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. अल्कांतारा उत्तम अवस्थेत असेल तरच घ्यायचं. मध्यम अवस्थेतलं लेदर चालेल, मध्यम अवस्थेतलं अल्कांतारा नको.

सेन्साटेक आणि त्याचे भाऊबंद

सेन्साटेक हे बीएमडब्ल्यूचं कृत्रिम लेदर, मर्सिडीजकडे त्याला आर्टिको म्हणतात. कंपनीतून आलेला हा माल टिकाऊ असतो, ओल्या फडक्याने साफ होतो. पाठीला घाम मात्र येतो. रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्याला, घरात लहान मुलं असणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

सीटवाल्याकडे नंतर बसवलेलं स्वस्त रेक्झीन मात्र वेगळं. पॉलियुरेथेनच्या हलक्या मालाचा थर उष्णता आणि दमटपणाने सुटतो, आणि तीन-चार पावसाळ्यांत पापुद्रे निघू लागतात. ते दुरुस्त होत नाही. शिवाय कव्हरखाली मूळ सीट कशी आहे ते कळायला हवं, म्हणून कव्हर काढून दाखवायला सांगा. मालक नाही म्हणाला तर पुढच्या गाडीकडे वळावं.

मोठी अडचण एअरबॅगची आहे. या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत असते आणि बाहेरच्या शिवणीतून फुटून बाहेर येते. ती शिवण मुद्दाम फाटेल अशा पद्धतीने घातलेली असते. साधं कव्हर चढवलं किंवा कारागिराने जाड दोऱ्याने पुन्हा शिवलं तर अपघातात ती अडकू शकते. सीट नव्याने मढवलेली दिसली की हे काम कोणी केलं आणि एअरबॅगच्या शिवणीसाठी कोणता दोरा वापरला हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सीट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

कापड

कापडी सीट म्हटलं की आपल्याकडे ‘खालचं मॉडेल’ असा शिक्का बसतो. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या चौकटीच्या सीट बघितल्या की तो पुसायला हवा. १९७६च्या पहिल्या जीटीआयसाठी गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांनी त्या चौकटी निवडल्या, आणि २०२५मध्ये भारतात आलेल्या जीटीआयमध्येही चौकटीचं कापडच आहे. कापड हवा खेळू देतं, घसरू देत नाही, उन्हात चटका देत नाही. गर्मीच्या गावात जोरात चालवायच्या गाडीला याहून योग्य काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याची कमजोरी म्हणजे ते सगळं शोषून घेतं: सिगारेट, सांडलेलं दूध, ओला कुत्रा, पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१च्या पुरांनंतर कोल्हापूर, सांगली, चिपळूण भागांतून आलेल्या गाडीचं कापड अचानक कोरं करकरीत असेल तर खूश होऊ नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गढूळ रेषा आहे का बघा, सीटखालच्या रुळांवर गंज आणि कार्पेटखाली गाळ आहे का बघा. हीच तपासणी लेदरच्या गाडीलाही करा, फक्त तिथे वास कमी बोलतो.

मग त्या दोन एम३४०आयपैकी कोणती? गाडी मुंबईत, उघड्यावर उभी राहणार असेल आणि रोज ऑफिसला जाणार असेल तर लेदरची. पुण्यात झाकलेल्या पार्किंगमध्ये राहणार असेल, शनिवार-रविवारी घाट चढणार असेल आणि दाराकडची कड अजून टणक असेल, तर अल्कांताराची. टोकन देण्याआधी एखाद्या जाणत्या सीटवाल्याला गाडी दाखवा आणि दुरुस्तीचा आकडा कागदावर लिहून घ्या. घासाघीस करताना तो कागद मालकापुढे ठेवता येतो.