म्हापशातली तेफळवाली बांगडा थाळी, ओठ अजून झिणझिणतायत

काल म्हापसा बाजारामागच्या एका खाणावळीत जेवलो, नाव नको कारण पुढे थोडी तक्रार पण आहे. बांगड्याची उडदामेथी एकदम भारी, तेफळं (आपल्याकडचं मिरीसारखं मसाल्याचं फळ) सढळ हाताने टाकलेली, तिसऱ्या घासालाच खालच्या ओठावर मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखं झिणझिण सुरू. आणि गंमत म्हणजे ती चव नसतेच, स्पर्श असतो! तेफळाचा चिनी भाऊ म्हणजे सिचुआन मिरी, तिच्यावर लंडनमध्ये 2013 साली प्रयोग छापून आलाय, लोकांच्या ओठाला मिरी लावली आणि बोटाला व्हायब्रेशन देऊन दोन्ही जुळवायला सांगितलं तर जुळलं साधारण 50 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला पन्नास थरथरी. ओठ हलत नाही पण मेंदूला वाटतं हलतोय. तिखटाचं पण तसंच, मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरलाच चेतवतं म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं, पाण्याने काय होत नाही, सरळ सोलकढी मागा.

तक्रार एकच, डोक्यावर टीव्ही फुल आवाजात, मॅच चालू, बघता बघता अर्धा बांगडा संपला आणि तो कसा लागला विचाराल तर शप्पथ आठवत नाही. वाढणाऱ्या मावशींना म्हटलं जरा आवाज कमी करा ना, तर म्हणतात कशा, "आदी काटे सांभाळ रे पुता!" कॅश घेऊन जा, जीपे चालत नाही.