वसतिगृह की स्वाधार?

मंगळवेढ्याचा मावसभाऊ विचारतो, "दादा, पोरीला सोलापुरात शासकीय वसतिगृहात ठेवू, की 'स्वाधार'चे पैसे घेऊन खोली करू?"

स्वाधार म्हणजे अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरापोरींना बाहेर राहून शिकायला पैसे देणारी सरकारी योजना. आता खर्च बघ. वसतिगृहात राहणं-जेवण फुकट. स्वाधारचे पुण्यात वर्षाला ६०,०००, इथं त्याहून कमी, तेही हप्त्यानं. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला.

खरी गोम जागेची. शिकत असताना मी केगावकडं खोली शोधली. आडनाव सांगितलं की "कालच गेली हो." तीन दारं, तेच उत्तर. वसतिगृहात ही झडती नाही.

शिवाय स्वाधार वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठीच आहे, म्हणून अर्ज आधी तिथंच टाक. नंबर हुकला आणि ओळखीतली खोली असली, तर स्वाधार बरं.