पुड्यामागचं कोष्टक: ‘१०० ग्रॅम’चा रकाना बघावा की ‘पर सर्व्ह’चा?

आईचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हापासून आमच्याकडे कुठलाही पुडा उलटून बघितल्याशिवाय घरात येत नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार मागच्या कोष्टकात दोन गोष्टी असतात: १०० ग्रॅममध्ये काय किती आहे, आणि एका सर्व्हिंगमधून, म्हणजे एका वेळी खायच्या मापातून, दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा पोटात जातो. दुकानात उभ्याउभ्या दोनांतला एक पुडा निवडायचा असेल, तर यातलं काय बघावं?

टक्केवारी वाचायला सोपी, हे मान्यच. दिवसाला २००० कॅलरी, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, असा हिशेब त्यामागे आधीच केलेला असतो. ज्याला आकडेमोडीचा कंटाळा आहे त्याला हा रकाना जवळचा वाटणारच. फक्त हा हिशेब मोठ्या माणसाचा आहे. मुलांच्या डब्यासाठी बिस्किटं घेताना तो तसाच लावू नये.

मला खटकतं ते सर्व्हिंगचं माप. ते कंपनी ठरवते. दादरला एका दुकानात शेवेचे दोन पुडे शेजारी धरून बघत होतो. एकावर सोडियम दिवसाच्या ८ टक्के, दुसऱ्यावर ९. साहजिकच पहिला बरा वाटतो. पण पहिल्याचं सर्व्हिंग २० ग्रॅमचं, दुसऱ्याचं ३० चं. १०० ग्रॅमच्या रकान्यात पहिल्यात ८०० मिलिग्रॅम सोडियम, दुसऱ्यात ६००. म्हणजे कमी टक्के दाखवणारा पुडाच जास्त खारट! छापलेला एकही आकडा खोटा नव्हता, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. घरी येऊन २० ग्रॅम शेव काट्यावर मोजली, तर वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला. चहाबरोबर एवढ्यावर कोण थांबतं? मिसळीवर पडते ती तर विचारूच नका.

१०० ग्रॅमला मात्र सगळे पुडे एका मापात येतात. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम.

लोणचं, केचप, सूपची पावडर यांची गोष्ट थोडी वेगळी. १०० ग्रॅम लोणचं कोणी खात नाही, त्यामुळे तो आकडा बघून उगाच धसका बसतो. पोटात किती जाणार हे जाणून घ्यायचं तर तिथे सर्व्हिंगचा रकाना जास्त कामाचा, असं मला वाटतं. पण दोन बरण्यांतली एक निवडताना मी तिथेही १०० ग्रॅमवरच जातो.

खरं तर ही आकडेमोड गिऱ्हाइकावर पडायलाच नको. २०२२ मध्ये एफएसएसएआयने पुड्याच्या दर्शनी बाजूला तारे देण्याचा मसुदा काढला होता: पदार्थ जितका तब्येतीला बरा, तितके जास्त तारे. त्यात प्रोटीन, फायबरचे गुण मिठासाखरेच्या दोषांतून वजा होतात. ज्या घरात प्रश्न फक्त मिठाचा आहे, तिथे अशा ताऱ्यांचा काय उपयोग? चिलीत २०१६ पासून ‘सोडियम जास्त’ असं काळ्या अष्टकोनात समोरच छापतात. आपल्याकडेही तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण माझ्या आईला चष्मा लावूनही मागचं बारीक कोष्टक वाचता येत नाही.